खणांचा खण आणि बाकीचं कपाट

तर झालं असं की फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही बेडरूममधली दोन्ही कपाटं पलंगावर ओतली. दुपारी बारापर्यंत पलंग दिसेनासा झाला, मग खाली सतरंज्या अंथरल्या, दोनपर्यंत त्याही दिसेनाशा झाल्या, आणि सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, हे एवढं सगळं आपलंच का?"

आपलंच होतं. मी वही घेऊन बसले आणि मोजलं. साड्या ६४, त्यातल्या ११ आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नऊवारी. नवऱ्याचे शर्ट ३१ (त्याला आधी विचारलं तर म्हणाला असतील दहाबारा). गोधड्या ५, ब्लँकेटं ४, आणि मनालीला हौसेने घेतलेली एक रजई जी डोंबिवलीत आजवर एकदाही उघडलेली नाही कारण डोंबिवलीत रजईची थंडी पडतच नाही. सुटकेसा तीन. गणपतीचं घडीचं मखर. इस्त्रीचं टेबल. आणि ओटीचे खण नि ब्लाउजपीस मिळून ११३. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. ज्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू, चैत्रातलं हळदीकुंकू, कुणाचं डोहाळजेवण, कुणाची वास्तुशांत असं सगळं चालतं त्यांना हे लगेच कळेल. द्यायला आणलेले, कुणीतरी दिलेले, दिलेले पण पुढे द्यायच्या लायकीचे नसलेले, आणि काही तर असे की जे मीच तीन वर्षांपूर्वी कुणालातरी दिले होते आणि फिरून माझ्याकडेच आले. त्याच्या बाजूला आहेराचे शर्टपीस आणि टॉवेल-टोप्या वेगळ्याच.

हे सगळं मोजायचं सुचलं ते एका शोरूमच्या फेरीनंतर. भिंतीत बसणारं, जमिनीपासून स्लॅबपर्यंत असं कपाट करायचं ठरलं होतं, म्हणून आम्ही एका मॉड्युलर फर्निचरवाल्यांकडे गेलो. तिथल्या मुलीने भिंतीची लांबी विचारली, उंची विचारली, कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत एक फार सुंदर कपाट उभं करून दाखवलं, आत लाइट, काचेचे दरवाजे, मधोमध तीन पांढरे शर्ट टांगलेले आणि खाली एक हॅट. हॅट! मी तिला म्हणलं आमच्याकडे साड्या आहेत, तर तिने शांतपणे एका फळीवर निळ्या रंगाचा एक गठ्ठा आणून ठेवला. आमच्या घरात काय आहे हे तिने एकदाही विचारलं नाही. तिची चूक नाही म्हणा, आपणही सुताराला फोन करतो तेव्हा भिंतच सांगतो की, दहा बाय सव्वानऊ, किती होतील?

आमची भिंत १० फूट ४ इंच, स्लॅब ९ फूट ३ इंचावर. म्हणजे समोरून बघितलं तर जवळपास ९५ स्क्वेअर फूट. आणि इतकी वर्षं त्या भिंतीला होती दोन लोखंडी कपाटं. गोदरेजचं कपाट म्हणतो ना आपण, कंपनी कुठलीही असली तरी, तीच: साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, १९ इंच खोल. दोन्ही मिळून ३९ स्क्वेअर फूट. वर पावणेतीन फूट मोकळी जागा जिथे सुटकेसा आणि धूळ, आणि बाजूला सव्वाचार फूट भिंत जिथे एक खुर्ची. ती खुर्ची बसायची नव्हती. एकदा घातलेले पण धुवायला टाकायचे नाहीत अशा कपड्यांची होती, प्रत्येकाच्या घरात असते तशी. म्हणजे अर्ध्याहून जास्त भिंत आम्ही धुळीला आणि खुर्चीला दिलेली.

पण रुंदी आणि उंची हे तसं सोपं गणित आहे, ते कुणालाही जमतं. गोची होते ती खोलीत. आपल्या भाषेत बेडरूमलाही खोली म्हणतात आणि कपाट आत किती जातं त्यालाही खोलीच म्हणतात, आणि बहुतेक लोक (मीसुद्धा) पहिलीचा विचार करतात, दुसरीचा करत नाहीत.

माझ्या आजीचं घर वाईजवळच्या एका गावात. मातीच्या भिंती, दीड-दोन हात जाड, आणि त्या भिंतीतच फडताळं. हल्लीच्या मुलांना शब्द माहीत नसेल, फडताळ म्हणजे भिंतीच्या जाडीतच केलेलं कपाट, बाहेर फक्त लाकडी दारं आणि कडी. हेच की बिल्ट-इन वॉर्डरोब, फक्त आजीला ते माहीत नव्हतं. त्या फडताळात आजीची सगळी लुगडी एका ओळीत असायची. एकाच ओळीत, कारण आत जागाच तेवढी, साधारण हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत. त्यामुळे काहीही मागे जायचं नाही, हरवायचं नाही. दार उघडलं की सगळं समोर. रोजचं नेसायचं वळणीवर (कपडे टाकायची आडवी दोरी), अंथरुणं घडवंचीवर (लाकडी घोडा), आणि लग्नकार्याचं ट्रंकेत.

आता आपल्या कपाटाची खोली दोन फूट असते. का दोन फूट? एक कारण हँगर. मोठ्या माणसाचा हँगर १७-१८ इंच रुंद असतो, त्यावर शर्टाच्या बाह्या थोड्या बाहेर येतात, त्यामुळे आतून २१-२२ इंच तरी मोकळे लागतात नाहीतर दार लावताना बाह्या चिमटतात. (लोखंडी कपाट १९ इंचाचं, म्हणून त्यात शर्ट नेहमी तिरके लटकतात, बघा आठवून.) दुसरं कारण आमच्या सुतारकाकांनी सांगितलं आणि मला ते फार आवडलं. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची येते. चार फूट मधोमध कापले की दोन-दोन फुटांच्या दोन उभ्या पट्ट्या, ब्लेडच्या जाडीएवढं काय ते वाया. अडीच फूट खोल कपाट मागितलं तर दीड फुटाचा तुकडा उरतो आणि त्याचे पैसे आपणच भरतो. म्हणजे कपाट किती खोल असणार हे हँगर आणि प्लायची शीट दोघांनी मिळून ठरवलेलं असतं.

पण घडीचे कपडे? घडी घातलेला शर्ट १४ इंच. साडीची घडी मी मोजली, साधारण १४ बाय १०. बावीस इंच खोल फळीवर पुढे एक गठ्ठा ठेवला की मागे आठ इंच उरतात, आणि त्या आठ इंचांत माणूस दुसरा गठ्ठा कोंबतो, आणि तो गठ्ठा पुढच्या दिवाळीपर्यंत कुणाला दिसत नाही. माझी एक इरकल अशीच अडीच वर्षं हरवली होती, माझा धाकट्या जावेवर मनातल्या मनात संशय घेऊन झाला होता, सापडली मागच्या गठ्ठ्यात. सॉरी हं.

तेव्हा मी ठरवलं की टांगायचं ते दोन फुटांत, आणि घडीचं जे आहे ते एकतर कमी खोल जागेत नाहीतर बाहेर ओढता येणाऱ्या ट्रेमध्ये. स्थिर फळ्या जितक्या कमी तितकं बरं. हे एकच मी त्या वहीत सगळ्यात वर लिहिलं होतं आणि दोनदा खाली रेघ मारली होती.

सुतारकाका मूळ कुडाळचे, वीसेक वर्षं डोंबिवलीत. पहिल्या दिवशी आले ते टेप काढायच्या आधी ओळंबा काढला, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीचं वजन. खिळ्याला दोरी बांधून खाली सोडला, दोन मिनिटं तो हलायचा थांबेपर्यंत वाट बघितली, मग वर मोजलं, मध्ये मोजलं, खाली मोजलं आणि म्हणाले, "वयनी, भिंत दारू पिऊन उभी आसा." वर आणि खाली मिळून सहा सुतांचा फरक. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे भिंत पाऊण इंच पुढे झुकलेली. जमीन पण एका बाजूला तीन सूत खाली. म्हणाले हे काहीच नाही, कुठल्याही बिल्डिंगमध्ये जा. तुम्ही भिंतीच्या मापाचं तंतोतंत कपाट केलं तर ते आत जाणारच नाही, आणि गेलं तर एका बाजूला फट दिसणार, म्हणून कपाट सरळ करायचं आणि कडेला पट्टी सोडायची, ती पट्टी भिंतीच्या वेड्यावाकड्या रेषेत घासून बसवायची. आम्ही कडांना मिळून दोन इंच पट्टीसाठी सोडले. मॉड्युलरवाल्यांकडे न जाण्याचं खरं कारण हेच झालं, त्यांचं फिनिशिंग छान असतं, मशीनवर मारलेली एजबँड (प्लायच्या कडेची पट्टी) सुतारापेक्षा चांगलीच बसते हे मान्य, पण आमच्या दारुड्या भिंतीला आणि कोपऱ्यातल्या कॉलमला जागेवर बसून काम करणारा माणूसच पाहिजे होता.

हां, कॉलम. नैऋत्य कोपऱ्यात १५ इंच रुंद आणि ९ इंच पुढे आलेला कॉलम आहे. शोरूमवाल्या मुलीने तो सरळ झाकून टाकला होता, पुढे नुसतं खोटं दार, म्हणजे आत काहीच नाही. १५ इंच रुंदीची, खालपासून वरपर्यंत जागा गेली. पण हिशेब करा ना, कपाट २४ इंच, कॉलम ९ इंच, पुढे उरतात १५. आजीच्या फडताळाएवढे! माझा पहिला विचार होता की इथे साड्या, एका ओळीत, अगदी तशाच.

आणि इथे आई मध्ये पडल्या, नशीब म्हणायचं. त्या म्हणाल्या तो कोपरा पावसाळ्यात ओला असतो. खरंच असतो. आमची पश्चिमेची भिंत बाहेरची, जून ते सप्टेंबर पाऊस तिच्यावरच आपटतो. वास्तूवाले सांगतात जड कपाट नैऋत्येला ठेवा, आणि आपण शाळेत पाठ केलंय की पाऊस येतो नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी, म्हणजे ज्या कोपऱ्यात रेशीम ठेवायचं शास्त्र त्याच कोपऱ्यात पाणी. मी वास्तू वगैरे फार मानत नाही पण आईंशी वाद घालायची वेळच आली नाही, कारण कपाट दक्षिणेच्या भिंतीला, दारं उत्तरेला उघडणारी, त्यांच्या मते सगळं बरोबर जमलं आणि माझ्या मते ती भिंत दुसऱ्या बेडरूमची, आतली, कोरडी, म्हणून बरोबर जमलं. दोघी खूश.

मग कॉलमच्या जागेत काय? एकही फळी नाही. उभी, उंच, अरुंद जागा, सतरा इंचाचा एक दरवाजा. आत इस्त्रीचं टेबल उभं, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि चटया उभ्या, पावसाळी जॅकेटं, छत्र्या, आणि दाराच्या आतल्या बाजूला सहा खुंट्या. या खुंट्या म्हणजे खुर्चीचा उपाय. एकदा घातलेली जीन्स, उद्या परत घालायचा शर्ट, माझा घरातला स्कार्फ, सगळं खुंटीला. आजीची वळणी जे काम करायची तेच. खुंटीसाठी दाराच्या आत तीन-चार इंच मोकळे लागतात, ते तिथे आहेत कारण फळ्याच नाहीत. आणि एक गोष्ट मी हट्टाने केली, त्या भागात कॉलमच्या पाठीला प्लाय लावू दिली नाही. काका म्हणाले चांगलं दिसणार नाही. म्हणलं नसू दे, भिंत डोळ्याला दिसली पाहिजे, ओल आली तर प्लायच्या मागे सडत बसण्यापेक्षा समोर कळलेली बरी.

बाकी उरली ती १०५ इंच रुंदी, तिचे ३५-३५ इंचाचे तीन भाग, प्रत्येकाला साडेसतरा इंचाची दोन दारं. एक भाग याहून रुंद करू नका, १८ एमएमची फळी तीन फुटांच्या वर गेली की कपड्यांच्या वजनाने मधे वाकते. आमच्याकडेही काकांनी फळीला पुढून दीड इंचाची पट्टी दिलीये.

सरकती दारं का नाही, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. जागा वाचते ना म्हणतात. बाहेरची वाचते, आतली जाते. दोन दारं एकमेकांपुढून सरकायची तर ट्रॅकला तीन-चार इंच लागतात, म्हणजे कपाट २६-२७ इंच करा नाहीतर हँगर अडकवा. शिवाय एका वेळी अर्धंच कपाट उघडं, मी डावीकडे साडी बघत असताना नवऱ्याला उजवीकडचा मोजा हवा असतो आणि आमच्या घरात एवढी शांतता नाही. बेड आणि कपाटात अडीच फुटांपेक्षा कमी जागा असेल तर सरकतं करा, पर्याय नाही. आम्ही बेड पाच फुटी घेतला, तो पलीकडच्या भिंतीकडे सरकवला, मधे जवळपास पावणेचार फूट मिळाले. सहा फुटी बेडचा आग्रह सोडला तर ही सगळी चर्चाच संपते, पण तो विषय नवऱ्यापुढे काढू नका.

आता आतलं. दारांची उंची सात फूट ठेवली, त्यावर स्लॅबपर्यंत माळा वेगळा. एकच नऊ फुटी दार करता येत नाही का? येतं हो, पण ते वाकतं. सात फुटाला पण वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सनमायका लावावा लागतो, बाहेरून एक एमएमचा, आतून थोडा पातळ, आणि चार बिजागऱ्या. आतून नुसता रंग मारून देतो म्हणणारा सुतार भेटला तर चहा पाजून परत पाठवा.

सात फुटांत शर्टाच्या दोन दांड्या एकावर एक बसतात, प्रत्येकी चाळीस इंच. म्हणून पहिला भाग नवऱ्याचा. खालच्या दांडीवर रोजचे, वरच्यावर बाकीचे. वरची दांडी पावणेसात फुटांवर आहे आणि मी पाच फूट एक इंच, त्यामुळे त्या दांडीशी माझा संबंध नाही आणि मला तो नकोय.

तिसरा भाग माझ्या ड्रेस-कुर्त्यांचा, तिथे दांडीखाली ५० इंच मोकळे आणि त्याखाली दोन खोल ड्रॉवर जीन्स-टीशर्टचे. ड्रॉवर करताना एक लक्षात ठेवा, चॅनलला (ज्यावर ड्रॉवर सरकतो ती पट्टी) दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच, आणि दाराच्या आत ड्रॉवर असेल तर बिजागरी आणि दार मधे येतं म्हणून दोन्हीकडे अजून पॅकिंग. साडेतेहतीस इंच जागेत ड्रॉवर मिळतो तीसेक इंचाचा. म्हणून सगळीकडे ड्रॉवर करू नयेत, महागही पडतात आणि जागाही खातात.

आणि मधला भाग, सगळ्यात कोरडा, साड्यांचा. इथे मी जरा जास्तच वेळ घालवला. साडी साडेपाच मीटर. लांबीत चार घड्या घातल्या की सव्वा मीटरच्या थोडी वर, ती हँगरवर मधोमध टाकली की खाली लटकते २७ इंच. म्हणजे तीस इंचाची जागा पुरे, त्याला पाच फुटी भाग ठेवायची गरज नाही. माझ्या माहितीतल्या दोघींनी साड्यांसाठी उंच भाग ठेवला आणि आता खाली अर्धा भाग रिकामा आहे, तिथे चपलांचे खोके जमलेत. आम्ही वर तीस इंचात एक दांडी, तिच्यावर २८ साड्या, कॉटन, हँडलूम, ऑफिसच्या. खाली तीन ट्रे, पुढची पट्टी फक्त चार इंचांची म्हणजे न ओढताही कडा दिसतात. एका ट्रेत चार गठ्ठे, दोन पुढे दोन मागे, गठ्ठ्यात तीनच साड्या. तीन ट्रे मिळून ३६. अठ्ठावीस आणि छत्तीस चौसष्ट. हे गणित जमलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी नवऱ्याला उठवून दाखवलं. पासष्टावी साडी आली तर कुठे ठेवणार, एवढंच विचारून तो झोपला.

पैठणी, नऊवारी, भरजरी सगळ्या ट्रेमध्ये, टांगायच्या नाहीत, जरीच्या वजनाने ताणतात. जुन्या सुती साडीच्या कापडात गुंडाळून, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळीकडून घालायची नाहीतर घडीवर चिरते, हे आईंचं खातं, त्या करतात. डांबराच्या गोळ्या त्यांना चालत नाहीत, वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्यात. वास पण छान येतो, लहान बाळाच्या खोलीसारखा.

ट्रेखाली लॉकर, आणि लॉकरच्या बाजूला एक बुटका ड्रॉवर. काकांनी भिंतीवर पेन्सिलने सगळं आखून प्रत्येक चौकोनात काय येणार ते लिहून घेतलं होतं, तिथे आले आणि विचारलं, ह्या खणात काय? मी म्हणलं, खण. ते म्हणाले हो, पण खणात काय? म्हणलं, खणच. माणूस पेन्सिल कानावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग आईंनी आतून दोन ब्लाउजपीस आणून हातात दिले तेव्हा उलगडा झाला, आणि त्यांनी भिंतीवर लिहिलं: खणांचा खण. ते अजून कपाटामागे असेल. त्यात खण आणि ब्लाउजपीस फायलींसारखे उभे लावलेत, देण्याचे पुढे, नाईलाजाचे मागे. ११३ चे ७० झाले, बाकीच्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवून घेतले.

आता माळ्याची गोष्ट, जिथे आमचं चुकलं. चार इंचाचं खालचं स्कर्टिंग (पोछ्याचं पाणी प्लायला लागू नये म्हणून ग्रॅनाइटची पट्टी), त्यावर सात फूट, वर राहतात २३ इंच. सुटकेसा, मखर, ती मनालीची रजई, सगळं तिथे जाणार असं ठरलं. मी मापं सगळ्याची घेतली होती, साडीची, हँगरची, खणाची, आणि सुटकेसची घेतली नाही. काकांनी माळ्याला चार समान भाग पाडले, चार जोड्या दारं, दिसायला एकदम देखणं. आतली रुंदी साडेअठ्ठावीस इंच. आमची मोठी सुटकेस चाकांसकट ३१. आडवी जाईना. लांबीने आत सरकवली तर कपाट २२ इंच खोल, पुढे नऊ इंच बाहेर. नवरा स्टुलावर, डोक्यावर सुटकेस, मी खालून ढकलतेय, आई सांगतायत तिरकी घाल तिरकी घाल, सनमायकाला पहिल्याच दिवशी ओरखडा. शेवटी काकांना परत बोलावून एक मधली उभी पट्टी काढली आणि तिथलं एक दार आता दुसऱ्याच्या आधाराने बंद होतं, मधे टेकायला काही नाही म्हणून किंचित वरखाली दिसतं. कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही. मला रोज कळतं.

प्लायबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक तासन्‌तास बोलतात. शीटवर शिक्का असतो तो वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्याला टिकणारी. आयएस ३०३ मधली एमआर म्हणजे नुसती दमटपणा सोसणारी, कोरड्या भिंतीला ती चालते. आम्ही कॉलमकडची उभी पट्टी आणि सगळ्यात खालची फळी मरीनची घेतली, बाकी साधी. सगळीच मरीन घ्या असं दुकानदार सांगणारच, त्याचं ते काम आहे. आणि सुताराचा दर बहुतेकदा समोरच्या स्क्वेअर फुटावर असतो, आत तीन फळ्या असोत की आठ ड्रॉवर, त्यामुळे किती ड्रॉवर, किती ट्रे, चॅनल कुठले, माळा त्यात धरला की वेगळा, हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी कागदावर घ्या. आमचं माळ्याचं आधी बोलणं झालं नव्हतं, तो वेगळा निघाला, पुढचं सांगत नाही.

अजून एक, त्या भिंतीवर एक स्विचबोर्ड होता. तो कपाटाच्या मागे गाडू नका, काका म्हणाले भोक पाडून ठेवू आत, मी इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बाजूच्या भिंतीवर घेतला. आणि काम झाल्या झाल्या कपडे भरू नका, फेविकॉल आणि सनमायकाचा वास पंधरा दिवस तरी जात नाही. आम्ही दारं सताड उघडी ठेवून दोन आठवडे पिशव्यांमधून कपडे काढून घालत होतो, नवऱ्याने एकदा ऑफिसला दोन वेगळे मोजे घातले.

मार्चअखेर कपाट भरलं. जुन्या लोखंडी कपाटांपैकी आईंचं दुसऱ्या बेडरूममध्ये गेलं, दुसरं गावी. खुर्ची गॅलरीत आहे आणि तिच्यावर आता खरंच कुणीतरी बसतं.

पाऊस जूनच्या मध्याला सुरू झाला तेव्हापासून मी रोज सकाळी कॉलमचं दार उघडून बघते. चौथ्या आठवड्यात कॉलमवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, तळहाताएवढा डाग आला. रंग फुगलाय, हात लावला की थंड लागतो. इस्त्रीचं टेबल मी पुढे ओढून ठेवलंय, सतरंज्या काढून बेडखाली टाकल्यात. मधल्या भागात हात घालून बघितला, ट्रे खालून, पाठीची प्लाय, अगदी कोरडं. सोसायटीला बाहेरच्या भिंतीसाठी अर्ज दिलाय, ते म्हणाले पावसाळ्यानंतर बघू. आईंनी वेखंड बदललं, आणि तिसऱ्या ट्रेमधल्या नऊवारी वरच्या ट्रेमध्ये हलवल्या, उगाच, काळजी म्हणून.